मासे अचानक आजारी पडले तर: औषधाच्या बाटलीआधी करायचा तपास

काल रात्रीपर्यंत खाण्यासाठी काचेवर धडका मारणारे मासे आज सकाळी पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून उभे आहेत. एक-दोन कोपऱ्यात पर मिटून बसलेत. अशा वेळी बहुतेक घरांत एकच क्रम चालतो: हाताशी असेल ते औषध टाकीत ओतायचं, तासाभरात फरक पडला नाही की घाबरून निम्मं पाणी बदलायचं, आणि संध्याकाळी दुसरं औषध. टेस्ट किट बाहेर निघते ती दुसऱ्या दिवशी. तोवर ज्या पाण्याने मासे आजारी पडले ते गटारात गेलेलं असतं आणि उरलेल्या पाण्याची चाचणी काहीच सांगत नाही.

तासाभरात किंवा एका रात्रीत बिघडलेल्या टाकीत दोष आधी पाण्यात शोधायचा, जंतूंत नंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्याचं उत्तर फसवं येतं, म्हणून घाई असली तरी क्रम सोडू नका.

## आधीची तयारी

मासे निरोगी असतानाच या गोष्टी घरात असाव्यात:

- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्याचा पीएच घसरू न देणारे क्षार) मोजणारी थेंबांची टेस्ट किट. पट्ट्या दमटपणाने लवकर खराब होतात, आणि अमोनियाची पट्टी बऱ्याच पाकिटांत नसतेच. किटवरची मुदत तपासा.
- दुसरा, स्वतंत्र थर्मामीटर. हीटरवरचा आकडा म्हणजे आपण दिलेला हुकूम. पाणी खरंच तेवढं आहे का, ते थर्मामीटर सांगतो.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक एअरस्टोन.
- क्लोरीन घालवणारं कंडिशनर, छोटी टॉर्च, आणि झाकण असलेली स्वच्छ काचेची बाटली.
- फक्त टाकीसाठी राखलेली बादली. साबण लागलेली बादली हे मासे मरण्याचं साधं आणि हमखास कारण आहे.
- दहा-वीस लिटरची रिकामी टाकी आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज एरवी मुख्य टाकीतच चालू ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा त्यात अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू तयार असतील.

आणखी एक तयारी फुकट आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. निरोगी माशाचे कल्ले १५ सेकंदांत किती वेळा उघडमीट करतात ते मोजून चारने गुणा आणि वहीत लिहून ठेवा. जातीनुसार, आकारानुसार आणि तापमानानुसार हा आकडा इतका बदलतो की पुस्तकातल्या सरासरीचा उपयोग होत नाही. तुमच्या टाकीतला तुमचा आकडाच कामाचा.

इशारा: हाताला जखम असेल तर हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नका, आणि नळीने पाणी ओढायला तोंड लावू नका. माशांना क्षय आणणारा मायकोबॅक्टेरियम मरीनम हा जंतू जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो आणि महिनोन्‌महिने चिघळतो.

## टप्पा १: हवा वाढवा, खाणं थांबवा, बाकी काही करू नका

निदान न करता लगेच करण्यासारख्या गोष्टी दोनच. एअर पंप पूर्ण सोडा किंवा फिल्टरचं तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग ढवळला जाईल असं करा. आणि आजचं खाणं बंद ठेवा. बहुतेक मोठे मासे काही दिवस उपाशी सहज राहतात. न खाल्लेलं खाणं मात्र काही तासांत अमोनिया वाढवायला लागतं.

झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो बंद करा. मग खुर्ची ओढून पाच-दहा मिनिटं टाकीसमोर शांत बसा.

तपासा: हवा वाढवल्यावर अर्ध्या तासात मासे वरून खाली उतरले का? उतरले तर ऑक्सिजनची कमतरता हा पहिला संशय. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. पाणी तापलं, झाडं दाट आहेत आणि त्रास नेमका पहाटे दिसतो, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी, कारण रात्री झाडंही ऑक्सिजनच वापरतात. भरपूर हवा असूनही मासे धापा टाकत असतील, तर बिघाड कल्ल्यांत किंवा रक्तात आहे. पुढे चला.

## टप्पा २: पाणी बदलण्याआधी नमुना काढा

बाटली टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण लावा, वेळ लिहा. एका मिनिटाचं काम. पण हा नमुना हातात असला की पुढे घाईत पाणी बदलावं लागलं तरी पुरावा शाबूत राहतो. नळाच्या पाण्याचाही एक नमुना घ्या. दोन्हींची तुलना पुढे लागणार आहे.

हा टप्पा मी मुद्दाम वेगळा लिहितो आहे. माझ्या एका टाकीत आठवडाभर मी बुरशीचं औषध घालत राहिलो, रोज थोडे मासे जात राहिले, आणि शेवटी मोजलं तेव्हा नायट्राइट चढलेलं होतं. ते पहिल्या दिवशीच होतं की माझ्या औषधाने फिल्टरचे जिवाणू मारल्यामुळे नंतर वाढलं, हे मला कधीच कळलं नाही, कारण पहिल्या दिवसाचं पाणी मी ठेवलंच नव्हतं.

## टप्पा ३: कोण, किती आणि किती वेगाने

चाचण्यांआधी या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा आणि खालच्यापैकी कोणतं चित्र जुळतं ते बघा.

१. सगळ्या जाती एकदम, काही तासांत: पाणी, ऑक्सिजन, तापमान किंवा विष. जंतुसंसर्ग असा सगळ्यांना एकाच तासाला गाठत नाही.

२. आज एक, परवा दोन, मग चार: संसर्ग किंवा परजीवी. गेल्या काही आठवड्यांत नवा मासा, झाड किंवा गोगलगाय आली का ते आठवा.

३. एकच मासा: मारामारी, जखम, बद्धकोष्ठ, अंडी अडकणं, म्हातारपण. एका माशासाठी सगळ्या टाकीला औषध देऊ नका.

४. फक्त नवे मासे, जुने ठणठणीत: जुन्या पाण्याला जुने मासे हळूहळू सरावलेले असतात. नायट्रेट फार चढलेलं किंवा पीएच फार उतरलेला असेल, तर त्या पाण्यात नवा मासा एक-दोन दिवसांत कोसळतो. यात दुकानदाराचा दोष असेलच असं नाही.

५. कोळंबी आणि गोगलगायी आधी गेल्या, मासे नंतर: तांबं किंवा कीटकनाशक.

## टप्पा ४: चाचण्या, या क्रमाने

तापमान. दुसऱ्या थर्मामीटरने मोजा. हीटर सुरूच राहून पाणी तापणं आणि हीटर बंद पडून रात्रीत ते गार होणं, दोन्ही होतं. हीटरची काच तडकलेली दिसली तर पाण्यात हात घालण्याआधी सगळी उपकरणं वीजपुरवठ्यापासून काढा.

अमोनिया आणि पीएच. हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. किट दाखवते तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर सुमारे ५ टक्के. म्हणजे किटवर तोच १ आकडा असला तरी दुसऱ्या टाकीत विष जवळजवळ दहापट. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया शून्यच यायला हवा. ०.२५ दिसला तरी कारण शोधा.

चाचणीतली फसगत: अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर घातलं असेल तर काही किट नंतरही अमोनिया दाखवत राहतात, कारण त्या बांधलेला आणि मोकळा दोन्ही मोजतात. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असलेल्या नळाच्या पाण्यातही थोडा अमोनिया दिसतो. म्हणून नळाचा नमुनाही मोजा.

नायट्राइट. यानेही मासे धापा टाकतात, पण हवा वाढवून फारसा फरक पडत नाही. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. तातडीचा उपाय साधा आहे: दर १० लिटरला १ ग्रॅम मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्याच्या वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करतो आणि त्याला अडवतो. ही मात्रा इतकी कमी आहे की झाडांना आणि मिशीवाल्या माशांनाही सहसा बाधत नाही. सोबत पाणी बदलायचंच आहे. ते टप्पा ६ मध्ये.

केएच. हा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत. महिनोन्‌महिने पाणी कमी बदललं की केएच संपतो, पीएच ६ च्या आसपास किंवा खाली घसरतो आणि फिल्टरचे जिवाणू सुस्तावतात. अमोनिया साठत जातो, पण आम्लधर्मी पाण्यात त्याचं विष दबलेलं असतं. मासे जगत असतात. एके दिवशी मालक उत्साहाने टाकी स्वच्छ करून अर्धं पाणी बदलतो, पीएच झपकन वर जातो, दबलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि काही तासांत टाकी रिकामी होते. "पाणी बदललं म्हणून मासे मेले" ही तक्रार ऐकली की मला आधी हेच आठवतं.

नायट्रेट. अचानक मारणारं हे नव्हे. पण आकडा फार मोठा आला तर टाकीकडे बरेच दिवस दुर्लक्ष झालंय एवढं कळतं. या चाचणीची दुसरी बाटली किटवर लिहिलं आहे तितका वेळ जोरात हलवा. न हलवता थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो.

## टप्पा ५: गेल्या चौदा दिवसांत काय बदललं

घरातल्या प्रत्येकाला विचारा, आरोप न करता. लहान मुलाने अख्खा डबा ओतलेला असतो आणि भीतीने सांगितलेलं नसतं. विचारायच्या गोष्टी: फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला का (क्लोरीनने जिवाणू मरतात)? वीज किती तास नव्हती? डासांचा फवारा, रंगकाम, सुगंधी स्प्रे, फरशीचं रसायन काही वापरलं का? एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टाकी झाकलेली असली तरी फवारा आत पोचतो. पाणी बदललं तेव्हा कंडिशनर घातलं का? रात्रभर ठेवल्याने क्लोरीन बराच उडतो, क्लोरामाइन मात्र तसाच राहतो.

इशारा: वीज बराच वेळ गेली असेल तर बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर तसाच सुरू करू नका. आतलं साचलेलं पाणी ऑक्सिजनविना कुजलेलं असतं आणि ते सगळं एका झटक्यात टाकीत येतं. आधी ते ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात विसळा, मग चालू करा.

## टप्पा ६: पाणी बदला, पण आकडे बघून

- टाकीचा आणि नळाचा पीएच जवळपास सारखा आणि अमोनिया किंवा नायट्राइट चढलेलं: ५० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.
- टाकीचा पीएच फार खाली, अमोनिया जास्त आणि नळाचा पीएच बराच वर: आधी अमोनिया बांधणारं कंडिशनर, मग १०–१५ टक्के, काही तासांच्या अंतराने. एकदम मोठा बदल नाही.
- विषाचा संशय: मोठा बदल, आणि फिल्टरमध्ये नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन.
- सगळे आकडे चांगले: २५ टक्के बदला आणि पुढच्या टप्प्यावर जा.

नव्या पाण्याचं तापमान टाकीइतकं ठेवा. ताज्या नळाच्या पाण्यात वायू विरघळलेले असतात, म्हणून त्याचा खरा पीएच दिवसभर हवा देऊन ठेवल्यावरच कळतो. बदलाच्या वेळी मात्र क्लोरीनचा विचार आधी.

## टप्पा ७: आता माशाच्या अंगाकडे बघा

पाणी निर्दोष ठरलं, किंवा सुधारूनही मासे खालावतच चाललेत, तरच इथवर या. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च माशाच्या बाजूने तिरकी धरा. रोगांची लांब यादी पाठ करण्यापेक्षा एकमेकांशी गल्लत होणाऱ्या जोड्या ओळखता आल्या की बरंच साधतं.

पांढरे ठिपके. मिठाचे कण शिंपडल्यासारखे, एकेक मोजता येणारे ठिपके, परांवर आणि अंगावर विखुरलेले: हा इक, एक परजीवी. टॉर्चमध्ये सोनेरी किंवा गंजट धूळ चमकली आणि ठिपके मोजता येत नसले तर वेल्वेट, हाही परजीवीच. याने मासे इकपेक्षा लवकर जातात. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने आलेले पांढरे दाणे मात्र विणीच्या हंगामाची खूण आहेत. त्याला औषध देऊ नका.

कापसासारखी वाढ. ही जोडी सगळ्यात घातक. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर येते आणि तिचे बारीक तंतू पाण्यात उभे राहून हलतात. ओठांभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला, आखूड, करडा-पांढरा किंवा पिवळसर चट्टा असेल आणि मासे एक-दोन दिवसांत जात असतील, तर तो बहुधा कॉलमनॅरिस. नावाने "तोंडाची बुरशी" म्हणत असले तरी तो जिवाणू आहे. बुरशीच्या औषधाने तो आटोक्यात येईलच असं नाही, आणि उबदार पाण्यात तो आणखी वेगाने वाढतो. इकवर पाणी तापवतात, म्हणून तोच समजून कोणी हीटर ३० वर नेला तर उरलेले मासेही हातचे जातात. चट्टा आहे की ठिपके, एवढं ठरवल्याशिवाय हीटरला हात लावू नका.

फाटलेले पर. स्वच्छ, अर्धगोल तुकडा गेला असेल तर चावा. कड कुरतडल्यासारखी, पांढरी किंवा लालसर असेल तर सडणं. चाव्याला औषध नको, चावणारा वेगळा करा.

फुगलेलं पोट. वरून बघा. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर शरीरात पाणी साठलंय आणि मूत्रपिंड हरत चाललंय. हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे, आणि यातून थोडेच मासे वाचतात. खवले सपाट, मासा खातोय आणि पोट एकसारखं गोल असेल तर अंडी किंवा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास द्या.

बाहेर आलेला डोळा. एक असेल तर बहुधा मार लागलाय. दोन्ही असतील तर आतला संसर्ग किंवा खराब पाणी.

अंगावर काहीच नाही, पण मासा दगडावर अंग घासतो, एक कल्ला मिटून ठेवतो. कल्ल्यांतल्या चपट्या कृमींचा संशय. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. गुदद्वारातून लाल धाग्यांसारखं काही डोकावत असेल तर त्या कॅमॅलॅनस कृमी. त्यांना लेव्हॅमिसोल लागतं. चपट्या कृमींना वापरतात ते प्राझिक्वांटेल त्यांच्यावर चालत नाही.

## टप्पा ८: औषध, एकच आणि मोजून

१. टाकीतलं खरं पाणी मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. ६० × ३० × ३६ ची टाकी ६५ लिटरची म्हणून ओळखली जाते, पण पाणी ३१ सेंटिमीटर असेल तर ते ५६ लिटर, आणि वाळू-दगड वजा केले की ५० च्या जवळ. ६५ लिटरचा डोस म्हणजे ३० टक्के जास्त औषध.

२. फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. स्पंज राहू द्या.

३. इक आणि वेल्वेट असेल तर सगळ्या टाकीला उपचार द्या, कारण परजीवीची पिल्लं पाण्यात असतात. जखम, पर सडणं, एकट्या माशाचा आजार असेल तर रिकाम्या टाकीत हलवा.

४. कोळंबी किंवा गोगलगायी असतील तर तांबं असलेलं औषध त्या टाकीत कधीच नाही.

५. दोन औषधं एकत्र करू नका. बरीच औषधं पाण्यातला ऑक्सिजनही कमी करतात, म्हणून हवा पूर्ण सुरू ठेवा.

६. उपचार चालू असताना रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा.

इकबद्दल एक चूक फार होते. औषध माशाच्या कातडीखाली बसलेल्या ठिपक्याला मारत नाही. ठिपका गळून तळाशी पडतो, फुटतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर औषध बदलू नका, आणि सगळे गेले म्हणून थांबूही नका. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी आठवडाभर उपचार चालवा.

तपासा: तिसऱ्या दिवशी कल्ल्यांची गती पुन्हा मोजा आणि वहीतल्या निरोगी आकड्याशी ताडून पाहा. रंग आणि भूक मागाहून सुधारतात. श्वास आधी सुधारतो. श्वास आहे तिथेच असेल तर निदान चुकलंय. कार्बन घालून औषध काढा आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा.

## टप्पा ९: मासा मेला तर

लगेच बाहेर काढा, पण लगेच फेकू नका. कल्ल्यांचं झाकण उचलून रंग बघा: तपकिरी असेल तर नायट्राइटकडे बोट, चिकट स्रावाने माखलेले असतील तर परजीवी किंवा अमोनिया. हे बघायचं ते मेल्यानंतर थोड्याच वेळात. रात्रभर पाण्यात राहिलेल्या माशाचे कल्ले तसेही फिके पडतात आणि अंगावर बुरशी चढते. त्यावरून काहीही ठरवू नका.

माशांचे आजार पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्यायचा असेल तर ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी पोचवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठल्याने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उरत नाही. सोबत टप्पा २ ची बाटली, नळाच्या पाण्याचा नमुना आणि टप्पा ३ चा कागद न्या. शक्य असेल तर लक्षणं दिसणारा एक जिवंत मासाही वेगळ्या पिशवीत न्या, कारण परजीवी मेलेल्या अंगावरून लवकर निघून जातात.